‘ढ’ कोण? शिकवणीचा एक उलटा इतिहास, नांदगाव खंडेश्वरातून

(भागाचं लिखित रूप. ऐकताना काही सुटलं असेल तर इथे वाचा. बोलीभाषा मुद्दाम तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय एका अक्षराचा आहे. ‘ढ’. शाळेत असताना तुमच्या वर्गात एक तरी ‘ढ’ असेलच. कदाचित तुम्हीच असाल. हे अक्षर कुणाच्या कपाळावर चिकटवायचं, हे आपण इतक्या सहज ठरवतो की त्यामागे काही गोष्ट असेल असं वाटतच नाही. पण आहे. सम्राट अशोकाच्या काळातली ब्राह्मी लिपी नेटवर शोधून बघा. ‘क’ ओळखू येत नाही, ‘म’ ओळखू येत नाही, ‘अ’ तर अजिबात नाही. पण ‘ढ’ लगेच सापडतो. वरची रेघ सोडली तर तो साधारण तसाच आहे. सव्वादोन हजार वर्षांत बाकीची अक्षरं बदलत गेली आणि हा पठ्ठ्या जागचा हलला नाही. म्हणून जो पोरगा पुढे सरकत नाही तो ‘ढ’, असं जुने मास्तर सांगायचे. शब्द खरंच तिथून आला की नाही यावर मी पैज लावणार नाही, पण गोष्ट मस्त आहे.

मी नांदगाव खंडेश्वरला शिकवणी घेते. अमरावतीहून यवतमाळच्या रस्त्याला लागलात की आमचं गाव लागतं. तालुक्याचं ठिकाण, खंडेश्वराचं हेमाडपंती मंदिर, आणि सभोवती कपाशी, सोयाबीन, तूर. माझं डी.एड. झालंय, नोकरीची वाट बघणं चालू आहे, आणि तोवर संध्याकाळी सहा ते आठ माझ्या घराच्या पडवीत चौदा-पंधरा लेकरं बसतात. कुणाचे आईवडील शेतमजूर, कुणाचे बांधकामावर, कुणाची आई एकटी. शाळेनं, शेजाऱ्यांनी, कधीकधी घरच्यांनीही ज्यांना ‘ढ’ म्हटलंय, अशीच बहुतेक. हुशार मुलांच्या शिकवण्या गावात बऱ्याच आहेत. माझ्याकडे येतात ती उरलेली.

हे काम करताना मला एक प्रश्न पडला. मागे पडलेल्या लेकरासोबत बसून त्याला शिकवायचं, हे काम आधी कोण करायचं? आणि मुळात ‘मागे पडणं’ ही गोष्ट कधीपासून सुरू झाली? आजच्या भागात याच प्रश्नाच्या मागे जाऊ.

जेव्हा ‘पाचवा वर्ग’ नव्हताच

इंग्रजी अमलाच्या आधी महाराष्ट्रात पंतोजींच्या शाळा असायच्या. कुणाच्या ओसरीवर, देवळात, नाहीतर एखाद्या सावकाराच्या पडवीत. लाकडी धूळपाटीवर धूळ पसरायची आणि बोटानं किंवा काडीनं अक्षरं गिरवायची. मोडी लिहायला शिकायचं, पाढे पाठ करायचे. आणि पाढे म्हणजे फक्त बे एके बे नाही हं! पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. पावाचा, अर्ध्याचा, दीडाचा पाढा. बाजारात धान्य मोजायचं, व्याज काढायचं, तर अपूर्णांक तोंडावर हवेत ना. पंतोजींना मोबदला बऱ्याचदा धान्यात, शिध्यात मिळायचा.

त्या शाळेत मारही भरपूर होता. छडी होती, अंगठे धरून उभं राहणं होतं. आणि दार सगळ्यांसाठी उघडं नव्हतं. मुली जवळजवळ नाहीत. ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं त्यांची लेकरं तर ओसरीच्या जवळही नाहीत. म्हणजे ‘जुनं ते सोनं’ म्हणायची काही सोय नाही.

पण एक गोष्ट बघा. त्या शाळेत वर्ग नव्हते. पहिला, दुसरा, तिसरा असं काही नव्हतं. प्रत्येक पोरगा आपल्या धड्यावर असायचा. एकाची अक्षरं चालू, दुसऱ्याची दिडकी चालू, तिसरा पत्र लिहायला शिकतोय. मोठी पोरं लहानांना घोकून घ्यायची. अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश माणसानं अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासकडे अशीच पद्धत पाहिली, मुलंच मुलांना वाळूत अक्षरं शिकवताहेत अशी, आणि ती विलायतेत नेली. तिकडे ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली.

जिथे वर्गच नाही तिथे वर्गाच्या मागे कसं पडणार? हळू शिकणारा पोरगा तेव्हाही होता, त्याला शिव्याही बसत असतील. पण आजच्यासारखं ‘पाचव्या वर्गात आहे आणि दुसऱ्या वर्गाचं वाचता येत नाही’ असं वाक्य तेव्हा कुणाला बोलताच आलं नसतं.

वर्ग आले, वेळापत्रक आलं, आणि कापूसही आला

1853 साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढे 1903 मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर आली. 1867 पर्यंत रेल्वे भुसावळ, बडनेरा करत नागपूरला पोचली. आपल्या भागातली काळी माती एकदम जगाच्या बाजाराला जोडली गेली.

त्याच काळात सरकारी शाळा वाढल्या. वर्ग, घंटा, हजेरीपट, वार्षिक परीक्षा, तपासणीला येणारे साहेब. हे सगळं छान, नीटनेटकं. पण शाळेचं वेळापत्रक आणि कापसाचं वेळापत्रक एकमेकांना विचारून बनलं नव्हतं. कपाशीची वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि पुढे काही महिने चालते. लहान बोटं बोंडातून कापूस पटापट काढतात. मग ज्या घराला त्या मजुरीची गरज आहे, त्या घरातलं लेकरू कुठे असणार? वावरात. आणि वर्ग तर थांबत नाही. लेकरू परत येतं तेव्हा गुरुजी दहा धडे पुढे गेलेले असतात.

ही गोष्ट पुण्यात बसून एका माणसानं नेमकी ओळखली होती. जोतीराव फुले. 1855 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. वेळ शाळेची नव्हे, शिकणाऱ्याची. पुढे 1882 मध्ये इंग्रज सरकारनं शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला, तेव्हा जोतीरावांनी त्याच्यापुढे लेखी निवेदन ठेवलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. सरकारची तिजोरी शेतकऱ्याच्या घामानं भरते, पण शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो. त्यांनी मागितलं काय? निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. गोरगरिबांच्या मुलांना शाळेत टिकवायला शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं द्या. शिक्षकांना बरा पगार द्या, आणि शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातून घ्या, म्हणजे ते या मुलांत मिसळतील.

हे 1882 चं आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण देणारा कायदा आपल्याकडे लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. मधली वर्षं तुम्हीच मोजा.

पापळचा पोरगा

आता आमच्या तालुक्यात या. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात पापळ नावाचं गाव आहे. तिथे 27 डिसेंबर 1898 ला पंजाबराव देशमुखांचा जन्म झाला. तेच, ज्यांच्या नावानं अकोल्याचं कृषी विद्यापीठ आहे. तेच, जे संविधान सभेत होते आणि 1952 पासून दहा वर्षं देशाचे कृषिमंत्री होते.

पण मला त्यांच्या मोठेपणीपेक्षा लहानपण जास्त महत्त्वाचं वाटतं. पापळला शाळा होती ती तिसऱ्या वर्गापर्यंत. पुढचं शिकायला चांदूर रेल्वेला जावं लागलं, मग कारंजा, मग अमरावती. थोडक्यात, एका शेतकऱ्याच्या पोराला नऊ-दहा वर्षांचा असताना घर सोडावं लागलं. तो पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेला, तिथून विलायतेत, एडिंबरा आणि ऑक्सफर्डला. बॅरिस्टर झाला, वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टर झाला. आणि अमरावतीला परत आला.

परत आल्यावर काय केलं, ते बघा. वसतिगृह काढलं. 1926 मध्ये ज्यांची हत्या झाली त्या स्वामी श्रद्धानंदांच्या नावानं अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय उभं राहिलं, आणि तिथे वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. त्या काळात, ज्या शहरात अंबादेवीच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह करावा लागत होता, त्या शहरात. मग तीसच्या दशकाच्या सुरुवातीला श्री शिवाजी शिक्षण संस्था सुरू झाली. त्याच सुमारास पंजाबराव प्रांताचे शिक्षणमंत्रीही झाले.

वसतिगृहाचं महत्त्व शिकवणी घेणाऱ्या माणसाला लगेच कळतं. मी रोज दोन तास शिकवते. उरलेले बावीस तास लेकरू घरी असतं. तिथे बसायला जागा आहे का? दिवा आहे का? पोटात काही आहे का? की लहान भावाला सांभाळायचंय? गरीब घरच्या पोराला डोकं कमी नसतं, त्याला टेबल कमी असतं. पंजाबरावांनी ते टेबल द्यायचं ठरवलं.

अमरावती जिल्ह्यातलाच दुसरा माणूस म्हणजे गाडगेबाबा. 1876 मध्ये शेंडगावला जन्म, 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ देह ठेवला. स्वतः शाळेत न गेलेला हा माणूस कीर्तनात लोकांना सांगायचा की जेवायला ताट नसलं तरी चालेल, हातावर भाकर घ्या, पण लेकरांना शाळेत घाला. आज त्यांच्या नावानं आमच्याकडे विद्यापीठ आहे.

हजेरी या शब्दाचे दोन अर्थ

आता या भागातला सगळ्यात जड तुकडा. ज्यांना या देशानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलं त्यांच्या मुलांचा.

1871 मध्ये इंग्रजांनी ‘गुन्हेगार जमाती कायदा’ केला. सुरुवात उत्तरेकडे झाली, 1911 मध्ये तो देशभर लागू करायची सोय झाली, 1924 मध्ये पुन्हा नवा कायदा आला. या कायद्यानं कुठल्याही जमातीला सरसकट गुन्हेगार जाहीर करता यायचं. माणसानं काही केलं असो वा नसो. मग नावं पोलीस दफ्तरी नोंदवायची, पोलिसांपुढे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. 1897 च्या दुरुस्तीनं तर चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहासारख्या वसाहतीत ठेवायचीही मुभा दिली. चार वर्षांचं लेकरू, मंडळी!

31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. पण कायदा कागदावरून गेला तरी नजरेतून जायला वेळ लागतो. फासेपारधी समाजाला हे विचारा. गावात काही चोरीला गेलं की आधी पारधी बेड्यावर कुणीतरी येतं. मोठी माणसं तुरुंगात, आणि लेकरं रेल्वे स्टेशनवर, सिग्नलवर हात पसरून.

आमच्या तालुक्यात मंगरूळ चव्हाळा नावाचं गाव आहे. तिथे मतीन भोसले यांनी अशा मुलांसाठी शाळा उभी केली. ते स्वतः फासेपारधी समाजातले, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ती नोकरी सोडून त्यांनी 2012 च्या आसपास हे काम सुरू केलं. शाळेचं नाव आहे ‘प्रश्नचिन्ह’. मला हे नाव फार आवडतं. बाकी शाळांची नावं विद्या, ज्ञान, प्रकाश, आदर्श अशी असतात, सगळी उत्तरं आधीच मिळाल्यासारखी. ही शाळा आपलं नावच प्रश्न म्हणून लावते.

या मुलांच्या बाबतीत ‘मागे पडलेला’ हा शब्द किती पोकळ आहे बघा. घरची भाषा पारधी, ती गुजरातीच्या जवळची. गावात वऱ्हाडी. पुस्तकात तिसरीच मराठी. घरात आधी कुणी शाळेत गेलेलं नाही. आजोबांना हजेरी म्हणजे पोलीस ठाणं माहीत. आणि नातवानं हजेरी म्हणजे ‘येस सर’ म्हणायला शिकायचं. एकाच शब्दाचा अर्थ एका घरात बदलायला दोन-तीन पिढ्या लागतात. मग पहिल्या वर्षी त्या लेकराला जोडाक्षरं आली नाहीत तर मागे कोण आहे, लेकरू की आपण?

आणि पुढे काय झालं? मुंबई ते नागपूर 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आखला गेला. तो आमच्या तालुक्यातून जातो. ‘प्रश्नचिन्ह’ शाळेची काही जागा त्या रेषेत आली आणि ग्रंथालयासह काही बांधकाम पाडलं गेलं. रस्ता झाला. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला, पूर्ण रस्ता जून 2025 मध्ये. मीही त्या रस्त्यानं गेलेय, रस्ता भारीच आहे. पण ज्या समाजाला दीडशे वर्षं जागा नाकारली त्याच्या लेकरांच्या वाचनाच्या खोलीवरूनच रेघ जावी, याचं उत्तर मला त्या गुळगुळीत रस्त्यावर सापडलं नाही.

पाचशे रुपयांच्या मास्तरीण

आता नव्वदच्या दशकातल्या मुंबईत चला. ‘प्रथम’ ही संस्था तेव्हा तिथल्या वस्त्यांमध्ये काम करायला लागली होती. त्यांना दिसलं की मुलं शाळेत येतात, पटावर आहेत, तिसऱ्या-चौथ्या वर्गात बसलेली आहेत, पण साधं वाचता येत नाही. शिक्षकांना अभ्यासक्रम संपवायचाय, आणि अभ्यासक्रम पुढच्या बाकासाठी लिहिलेला आहे.

उपाय काय शोधला? बालसखी. वस्तीतलीच एक मुलगी, दहावी-बारावी झालेली. तिला थोडं प्रशिक्षण द्यायचं. तिनं तिसऱ्या-चौथ्या वर्गातली मागे राहिलेली पंधरा-वीस मुलं बाजूला घ्यायची आणि शाळेच्याच वेळात रोज दोन तास मूळ अक्षरओळख, मूळ गणित शिकवायचं. मानधन महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये.

2001 ते 2003 मध्ये मुंबई आणि बडोद्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची नीट तपासणी केली. काही शाळांना बालसखी तिसऱ्या वर्गासाठी दिली, काहींना चौथ्यासाठी, आणि मग मुलांच्या परीक्षा घेऊन तुलना केली. निकाल काय? मुलं पुढे गेली, आणि जी सगळ्यात मागे होती त्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. हेच बॅनर्जी आणि डुफ्लो 2019 मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल घेऊन गेले. तेव्हा सगळ्यांनी त्यांचे फोटो शेअर केले. मला मात्र त्या पोरींचं कौतुक वाटलं ज्यांनी साडेसातशे रुपयांत नोबेलच्या लायकीचं काम केलं होतं.

त्यातली युक्ती अगदी जुनी आहे. लेकरू कोणत्या वर्गात आहे ते विसरा, ते कुठे अडलंय ते बघा, आणि तिथून सुरू करा. पंतोजीची ओसरी आठवली का? फरक एवढाच की या ओसरीवर मुली होत्या, छडी नव्हती, आणि दार सगळ्यांना उघडं होतं.

पडवीतला हिशोब

आता माझ्या पडवीत या. नावं सांगणार नाही, लेकरांचा तो हक्क आहे.

एक मुलगा. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो पहिल्या वर्गात होता. आमच्याकडे लहान मुलांचे वर्ग पुन्हा भरले डिसेंबर 2021 मध्ये. घरात मोबाइल एकच, तो बापाच्या खिशात, बाप कामावर. म्हणजे ज्या वयात अक्षरं बसतात ती दोन वर्षं कोरी गेली, आणि शाळा उघडली तेव्हा हा थेट तिसऱ्या वर्गाच्या उंबऱ्यावर. माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, “मॅडम, मले वाचता नाई येत. पन हिशोब येते.”

मी म्हटलं, बरं, सांग. आईनं बेचाळीस किलो कापूस वेचला, किलोला दहा रुपये भाव. त्यानं छताकडे बघितलंही नाही. “चारशे वीस.” पंधरा रुपये उचल कापली तर? “चारशे पाच.” मग तेच मी वहीवर लिहून दिलं, गुणाकाराच्या खुणेसह. तो गप्प. “हे नाई येत.”

यात नवल नाही. बॅनर्जी-डुफ्लो आणि सहकाऱ्यांचाच 2025 मध्ये एक अभ्यास आला, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर. ही मुलं भाजीचा, सुट्ट्या पैशांचा अवघड हिशोब तोंडी करतात, पण वहीतलं तसंच गणित अडतं. आणि शाळेत शिकलेल्या मुलांचं उलटं, वहीत जमतं आणि बाजारात गडबडतात. म्हणजे दोन्हीकडे पूल तुटलेला आहे. माझं काम तो पूल बांधायचं. आम्ही कापसाचा भाव वहीत मांडायला शिकलो. दिडकी-अडीचकी पण परत काढली, आणि मुलांना ती जाम आवडली!

दुसरी गोष्ट भाषेची. एका मुलीनं उत्तरात लिहिलं, ‘मले आजीनं सांगतलं.’ शाळेत त्यावर लाल रेघ आली आणि ती लिहायचीच थांबली. मी तिला रिद्धपूरची गोष्ट सांगितली. आपल्याच अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी तिथे ‘लीळाचरित्र’ लिहिलं. मराठी गद्याचा तो पहिला मोठा ग्रंथ मानतात. म्हणून तर तिथे आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण स्टेटस ठेवले. ज्या मातीत मराठी गद्य वाढलं, त्या मातीतल्या लेकराच्या ‘मले’वर लाल रेघ? मी तिला सांगितलं, वहीत दोन रकाने कर. एकीकडे घरची मराठी, दुसरीकडे परीक्षेची. दोन्ही आल्या पाहिजेत. आता ती पानभर लिहिते.

आणि तिसरी गोष्ट, जी अजून संपलेली नाही. एक मुलगी आठव्या वर्गात आहे. वेचणीच्या दिवसांत आई तिला वावरात नेते. मी घरी गेले. आई म्हणाली, “मॅडम, तुमी सांगता थे समजते मले. पन तिची मजुरी नाई आली त दुकानाची उधारी कायच्यानं देऊ?” मी यावर काय बोलणार? तिचा हिशोब बरोबर होता. आम्ही एवढंच ठरवलं की वेचणीहून आल्यावर, कितीही उशीर झाला तरी, ती अर्धा तास बसेल. काही दिवस ती पुस्तकावर डोकं ठेवून झोपते. मी उठवत नाही.

आता तिच्यापुढे काय आहे ते ऐका. आधी आठव्या वर्गापर्यंत कुणाला नापास करायचं नाही असा नियम होता. 2019 मध्ये केंद्रानं कायदा बदलला, आणि महाराष्ट्रानं 2023 मध्ये पाचव्या आणि आठव्या वर्गाला वार्षिक परीक्षा परत आणली. नापास झालं तर पुन्हा एक संधी, आणि तरी नाही जमलं तर त्याच वर्गात. मला परीक्षेचा राग नाही. पण आठव्या वर्गात एकदा मागे राहिलेली मजुराची मुलगी पुढच्या जूनमध्ये शाळेत परत येते की लग्नाच्या मांडवात दिसते, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. मार्च-एप्रिल जवळ आला की माझ्या पोटात गोळा येतो तो म्हणूनच.

मग हे काम नक्की कुणाचं?

शिक्षण हक्क कायद्यातली दोन कलमं सांगते, लक्षात ठेवा. कलम 28 म्हणतं, शाळेतल्या शिक्षकानं खासगी शिकवणी घ्यायची नाही. बरोबरच आहे. नाहीतर वर्गात अर्धं शिकवून उरलेलं घरी पैशात विकलं जाईल. आणि कलम 4 म्हणतं, जे मूल कधी शाळेत गेलं नाही किंवा शाळा सुटली, त्याला वयानुसार वर्गात घ्या आणि बाकीच्यांच्या बरोबरीला आणायला खास प्रशिक्षण द्या. तो त्याचा हक्क आहे. उपकार नाही.

म्हणजे कायदा मान्य करतो की कुणीतरी लेकरासोबत बसायला हवं. आणि हेही सांगतो की ते विकत घ्यायची गोष्ट असू नये. पण पैसेवाल्याच्या घरी संध्याकाळी मास्तर येतो, मोबाइलवर महागडं ॲप असतं, दहावीनंतर लातूर असतं, कोटा असतं. त्याला कुणी ‘मागे पडलेला’ म्हणत नाही, त्याला ‘तयारी करतोय’ म्हणतात. तीच मदत गरिबाच्या लेकराला लागली की त्याला ‘कच्चा’ म्हणतात. मदत सारखीच आहे, फक्त नाव वेगळं.

मी महिन्याला दीडशे रुपये घेते. बरेच जण म्हणतात, “कापूस विकला की देतो.” काही देतात. एक आजी तुरीची डाळ आणून देते, आणि ती डाळ घेताना मला दर वेळी पंतोजींचा शिधा आठवतो. पण माझी पडवी हे उत्तर नाही, हे मला पक्कं माहीत आहे. माझी नोकरीची ऑर्डर उद्या गडचिरोलीची आली तर ही पोरं परवा कुणाकडे जातील? मुंबईच्या बालसख्या शाळेच्या आत होत्या, शाळेच्या वेळात होत्या, म्हणून ते मोजता आलं. माझं मागणं तेवढंच आहे. प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत रोज दोन तास, वर्ग बाजूला ठेवून, लेकरू जिथे अडलंय तिथून शिकवणारं एक माणूस. वऱ्हाडात डी.एड. होऊन घरी बसलेली माणसं कमी नाहीत.

तोपर्यंत तुम्ही काय करू शकता? तुम्ही दहावी झाला असाल तर बालसखी होण्याएवढं शिक्षण तुमच्याकडे आहे. शेजारच्या एका लेकराला रोज वीस मिनिटं बसवा. पहिल्या दिवशी परीक्षा घेऊ नका. त्याला काय येतं ते आधी विचारा. क्रिकेटचा स्कोअर, बकऱ्यांची किंमत, गाण्याचे शब्द, काहीही. तिथून अक्षराकडे, आकड्याकडे या. एका वेळी एकच गोष्ट. आणि चुकलं तर ते खोडू नका, शेजारी बरोबर लिहा.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या वर्गातल्या त्या ‘ढ’ मुलाचं किंवा मुलीचं पुढे काय झालं, हे ठाऊक असेल तर व्हॉइस मेसेज नक्की पाठवा. नावं घेऊ नका, गोष्ट सांगा. आणि तो ‘ढ’ तुम्हीच असाल, तर आधी तुमची गोष्ट ऐकायची आहे मला.

आता सहा वाजत आले, पोट्टे पडवीत चपला काढून रायले. पुढच्या भागात भेटू!